कोकिळा किती वेळ बसली

त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असायचं आणि त्यांच्याकडे गाडी नव्हती. लातुरात नवीन आलेला माणूस त्यांना गंजगोलाईच्या बाजारातून भर उन्हात हेल्मेट घालून पायी जाताना बघायचा, आधी हसायचा आणि मग वर बघायचा. वर कावळे असायचे. दोन, कधी चार. एका तारेवरून दुसऱ्या तारेवर असं करत ते सरांच्या मागे यायचे आणि संधी मिळाली की टाळक्यात चोच हाणायचे. एवढ्या मोठ्या शहरात कावळ्यांनी नेमका हाच माणूस ओळखून ठेवला होता, कारण दर उन्हाळ्यात त्यांच्या घरट्यांत डोकावणारा माणूस शहरात हा एकच होता.

हे सर आणि मी एकाच क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायचो. ते प्राणिशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. शहरात गल्लोगल्ली होस्टेलं, मेस आणि झेरॉक्सची दुकानं निघत होती, आणि चौकाचौकात निकालाचे बॅनर लागत होते. मी चांगला शिक्षक होतो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायचं नाही. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स पार लोहा-अर्धापूरपर्यंत पोचायच्या. पोरं माझ्या नोट्स पाठ करून मेडिकलला लागायची आणि पेढे घेऊन आधी जायची कुणाकडे, तर हेल्मेटवाल्या सरांकडे. डब्यात तळाला उरलेले दोन पेढे मग माझ्या वाट्याला. मला त्यांचा हेवा वाटायचा. आडवळणाने कशाला सांगू, मी जळायचो.

बरं, शिकवायची त्यांची पद्धत म्हणाल तर विचित्रच. क्लास पहिल्या मजल्यावर, वर स्लॅब. सर स्लॅबखाली उभे राहायचे नाहीत. एक पाय वर्गात, एक पाय जिन्याच्या पायरीवर, असे दारात उभे राहून ते दीड-दोन तास बोलायचे. फळ्याचा उपयोग नाही. आकृती काढायची असली की पुढच्या बाकावरच्या पोरीला सांगायचे, ‘बाई, तू काढ, मी बोलतो.’ दाराजवळच्या बाकांसाठी पोरं सकाळी येऊन दप्तरं टाकून ठेवायची. एकदा खालून जड ट्रक गेला, खिडक्यांची तावदानं थरथरली, आणि सर सगळ्या बॅचसकट रस्त्यावर. तिथवर ठीक होतं. पण शेजारच्या वर्गातली माझी बॅचही त्यांच्याच मागे पळाली. मी हातात खडू घेऊन रिकाम्या बाकांसमोर उभा राहिलो, ते मला अजून आठवतं.

पोरांच्या उत्तरपत्रिकांवर ते समासात एकच शेरा मारायचे, ‘पाहिलं का?’ बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात हे बरोबर लिहिलं तरी तोच शेरा. मी एकदा म्हणालो, ‘सर, परीक्षेत पाहिलेलं विचारत नाहीत.’ ते म्हणाले, ‘ती परीक्षेची चूक हाय, पोरांची न्हाई.’

दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारे पक्षी हा त्यांचा विषय. अभ्यासक्रमात ब्रूड पॅरासिटिझमवर चार ओळी होत्या, सर त्यावर आठवडा घ्यायचे. लोक म्हणतात कोकिळा गाते, तर गातो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, ती कधी कुणाच्या नजरेला पडत नाही. नर कावळ्यांच्या समोर जाऊन मुद्दाम आरडाओरडा करतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात, आणि तेवढ्यात मादी घरट्यात घुसून अंडं घालून जाते. चातक आणि पावशा हेच सातभाईंच्या घरट्यात करतात, आणि पावशाचं अंडं तर सातभाईच्या अंड्यासारखंच निळं. हे सगळं सांगताना सर दारातल्या दारात नर व्हायचे, मादी व्हायचे, कावळाही व्हायचे. पोरं हसून लोळायची आणि त्यांना ते जन्मभर पाठ व्हायचं.

घरट्यात डोकावायला त्यांनी न्हाव्याकडचा एक जुना आरसा लांब बांबूच्या टोकाला तिरका बांधला होता. तो खांद्यावर टाकून हिंडायचे. त्या वर्षांत बांधकामं एवढी चालली होती की कावळ्यांची घरटीही काटक्यांपेक्षा बाइंडिंग तारेच्या तुकड्यांचीच जास्त. आरशात सरांना अंडी दिसायची. कावळ्याची निळसर हिरवी, आणि मधेच एखादं जरा लहान, राखट हिरवं, लालसर ठिपक्यांचं. सकाळी नसायचं आणि संध्याकाळी असायचं. मधला तो क्षण मात्र त्यांना कधी सापडला नव्हता. कोकिळा घरट्यात बसून अंडं घालताना एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच त्यांची इच्छा. दुसरी कुठलीही इच्छा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

माझं भाड्याचं घर नेमकं एका कडुलिंबाला लागून होतं. लिंब शेजारच्या टेलर चाचांच्या आवारात, आणि कावळ्याचं घरटं आमच्या गच्चीच्या समोरासमोर. सरांनी चाचांकडे परवानगी मागितली तेव्हा चाचा म्हणाले, ‘बैठो सर, झाड क्या मेरे बाप का है? कव्वों का है.’ माझ्याकडे मागितली तेव्हा मी कारणं शोधत होतो, तोवर माझ्या मुलीनं त्यांना वर नेलंसुद्धा.

मुलगी तेव्हा बारावीत होती. सुमेधा. आमच्या घराण्यात मास्तरकी करणारा मी पहिला, आणि डॉक्टर होणारी ती पहिली असणार होती. मी तिच्यासाठी खास नोट्स काढल्या होत्या, तीन रंगांच्या शाईत. ती त्या वाचायची, नाही असं नाही. पण जेवताना सांगायची ते काकांनी सांगितलेलं. ‘बाबा, काका म्हणतात, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या आधी फुटतं. बाबा, काका म्हणतात, आधी बघायचं मग नाव द्यायचं.’ काका म्हणजे हे. वर मोकळं आभाळ होतं तरी सर पायऱ्यांशीच बसायचे, स्लॅबवर फार वेळ थांबणंही त्यांना जड जायचं, आणि मुलगी त्यांच्या शेजारी पाण्याच्या टाकीच्या सावलीत वही मांडून. ती त्यांच्याकडे भारावून बघायची, माझ्याकडे तशा नजरेनं तिनं कधी बघितलं नव्हतं. माझं पोर माझ्याच गच्चीवर दुसऱ्याचं होत चाललं होतं आणि मी खाली पंख्याखाली बसून पेपर तपासत होतो.

एकदा मी चहा घेऊन वर गेलो. मुलगी खाली होती. सर आपणहून बोलले, तेवढंच एकदा.

‘सर, भूकंपाच्या पहाटे मी घरात नव्हतो. शेतात होतो, पिंगळा बघून राहिलो होतो. जमीन हलली तसं झाडाला मिठी मारली. मागं वळलो तर घर न्हाई. माय आत होती.’ ते चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले. ‘पडताना बघितलंच न्हाई मी. पाठमोरा होतो. म्हणून वाटतं, एक तरी गोष्ट घडताना बघावी.’

सांगायला लाज वाटते, पण त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं की हे मुलीनं ऐकलं नाही ते बरं झालं. ऐकलं असतं तर ती आणखीनच त्यांची झाली असती.

क्लासचं टाइमटेबल माझ्याकडे असायचं. उन्हाळी बॅच आणि कावळ्यांची अंडी एकाच वेळी, एप्रिल-मेमध्ये. आणि सरांनी कित्येक वर्षांच्या नोंदींवरून काढलं होतं की कावळ्यांच्या घरट्यांवर कोकिळा येते ती जेवणानंतर, दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. त्या वर्षी मी त्यांचे रोजचे दोन तास लावले एक ते तीन. माझे सकाळी. टाइमटेबल मीच नोटीस बोर्डावर लावलं, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून.

सरांनी ते वाचलं. ‘बरं हाय,’ म्हणाले. ‘दुपारी पोरं पेंगतात. मी न्हाई पेंगू देत.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘सर, तेवढा वेळ तुम्ही मोकळे असता. बघाल का माझ्यासाठी? सुमेधापण माझ्या तासाला असती. दुसरं कोण हाय?’

आता नाही कसं म्हणणार? रोज दुपारी मी वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर जायला लागलो. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकायची, समोर ते तारांचं घरटं, आणि अंगावर उन्हाच्या झळा. सव्वातीनला सर क्लासमधून जवळजवळ पळत यायचे आणि जिन्यातूनच विचारायचे, ‘काही?’ मी म्हणायचो, ‘नाही.’ आठ-दहा दिवस असंच चाललं.

त्या दिवशी मला झोप लागली. साधी डुलकी नाही, चांगली घोरत पडण्याची झोप. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा जागा झालो. वर्तमानपत्र छातीवर, तोंडाला कोरड. सर समोर, हेल्मेट डोक्यावर तसंच, मागे मुलगी.

‘काही?’ सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी हसली. ‘काका, बाबांना काय दिसणार? पायाखालची चप्पल दिसत नाही त्यांना.’

ती सहज बोलली. घरात आम्ही असंच बोलायचो. पण ती त्यांच्याकडे बघून बोलली, आणि ते मला लागलं.

‘दिसलं,’ मी म्हणालो.

सर पायऱ्यांवरून थेट गच्चीच्या मधोमध आले. स्लॅबची भीती विसरून आले. ‘काय दिसलं?’

त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलेलं मी त्यांनाच परत दिलं. नर ओरडत गेला. दोन्ही कावळे त्याच्यावर तुटून पडले. ती खालच्या फांदीवरून आली, ठिपक्याठिपक्यांची, आणि घरट्यात बसली. सर वहीत लिहीत होते, पेन्सिल कागदात रुतत होती.

‘किती वेळ बसली?’

हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. अंडं घालायला किती वेळ लागतो? मला आईच्या कोंबड्या आठवल्या, खुराड्यात तासन्‌तास बसणाऱ्या. त्यातून कमी करून म्हणालो, ‘पाच-सात मिनिटं.’

पेन्सिल थांबली. ‘पुस्तकात तर काही सेकंदं म्हणतात.’

‘मी घड्याळात बघितलं, सर.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, ‘मग पुस्तकवाल्यानं बघितलं नसंल,’ आणि लिहिलं. पुढे माझं नाव लिहिलं, निरीक्षक म्हणून. मग आरसा वर केला. सकाळी कावळ्याची तीन अंडी होती. आता चौथं होतं, जरा लहान, लालसर ठिपक्यांचं. मी घोरत असताना ती खरोखर येऊन गेली होती.

सरांनी मला कडकडून मिठी मारली. हेल्मेटची कड माझ्या कपाळावर बसली आणि टेंगूळ आलं. ‘सर, तुम्ही बघितलं! आपल्यातल्या एकानं बघितलं!’ असं म्हणून ते रडायला लागले. त्यांच्या खांद्यावरून मला मुलगी दिसत होती. ‘बाबा, खरंच?’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मला कित्येक महिन्यांपासून हवी होती. त्यानंतर खरं सांगणं माझ्याच्यानं झालं नाही.

सरांनी ही नोंद पक्षीवाल्यांच्या एका मासिकाला पाठवली. तिकडून शंका घेणारं पत्र आलं, इतका वेळ शक्य नाही म्हणून. सरांनी तीन पानी उत्तर लिहिलं आणि टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. त्यात होतं, ‘आमचे सर बघितल्याशिवाय बोलणारे गृहस्थ नाहीत.’ मी मान हलवली आणि एक व्याकरणाची चूक दुरुस्त करून दिली.

पुढे मी कोकिळा बघितलेला सर झालो. प्रत्येक बॅचला सांगायला लागलो. दरवर्षी गोष्ट थोडी सुधारत गेली. पेढे आधी माझ्याकडे यायला लागले. सर स्वतः पोरांना पाठवायचे, ‘जा, सरांना विचारा, त्यांनी बघितलंय.’ मी जिंकलो होतो. तरी त्यांना दारात उभं राहून कावळा होताना बघितलं की मी पूर्वीसारखाच जळायचो, कारण मला ते जमत नव्हतं.

मग ते नांदेडला गेले, बहिणीच्या आसऱ्याला. तिच्या अंगणात पत्र्याची खोली बांधून राहिले. सुमेधा डॉक्टर झाली. आमची पत्रं एक-दोन आली-गेली आणि थांबली. हेव्याला समोर माणूस लागतो. तो नसला की हेवाही निवतो. मी निवृत्त झालो आणि ते प्रकरण जवळपास विसरलो.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी नांदेडला गेलो होतो. विचारत विचारत त्यांच्याकडे पोचलो. अंगणात बाजेवर बसले होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. मी ‘सर’ म्हणालो तेवढ्यावर त्यांनी ओळखलं.

‘या की सर! सुमेधा कशी हाय?’ त्यांनी माझा हात धरून बाजेवर बसवलं, चहा मागवला. मग जरा वेळानं म्हणाले, ‘एक सांगू का? खोटं कशाला बोलू, तुमचा लई हेवा वाटायचा मला.’

‘माझा?’

‘तुम्हाला दिसली. मला न्हाई दिसली. इथं आल्यावर दर उन्हाळ्याला बसलो. समोर शिरसाचं झाड होतं, लई उंच. आरसा पोचायचा न्हाई, पण घरटं दिसायचं. ती यायची सर. कैकदा आली. नर ओरडायचा, कावळे उडायचे, ती आत शिरायची. पण लगेच भायेर. बसायची न्हाई. तुमच्यावाणी पाच-सात मिनिटं एकदाबी बसली न्हाई. म्हणून मी धरलं न्हाई. म्हणायचो, बघून गेली, घालायला मागून यील.’ ते हसले. ‘आणि मग पावसाळ्यात त्याच घरट्यातून कोकिळेचं पिल्लू निघायचं. कवा घातलं असंल? म्हणायचो, आपलाच डोळा लागला असंल तवा.’

चहा आला होता. मी कप तसाच खाली ठेवला. एवढे सगळे उन्हाळे हा माणूस समोर घडणारी गोष्ट उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि माझ्या शब्दाखातर ती घडलीच नाही म्हणत होता.

‘सर,’ मी म्हणालो, ‘ती पाच-सात मिनिटं खोटी आहेत. मला झोप लागली होती त्या दिवशी. मी काहीच बघितलं नाही.’

त्यांचा हात माझ्या हातावर होता, तो त्यांनी काढून घेतला.

‘का हो?’

‘सुमेधा तुम्हाला मानायची. मी जळायचो.’

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

‘मग ती...’ त्यांनी सावकाश विचारलं, ‘आत शिरून लगेच भायेर यायची, ती?’

‘तेच होतं, सर. पुस्तक बरोबर होतं. तुम्ही बघितलंय. कितीतरी वेळा बघितलंय.’

त्यांचे ओठ हलायला लागले. बोटं एकेक करून मिटायला लागली. ‘पयल्या वर्षी दोनदा,’ ते स्वतःशीच पुटपुटले. ‘मग ती आभाळ आलेली दुपार... एकदा तर शेपूट भायेर दिसली घरट्याच्या. अंग असं चेपलं होतं तिनं. हां. अंग चेपलं होतं...’

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

‘तुम्ही निघा आता, सर,’ ते म्हणाले. ‘मला जरा आठवू द्या.’

मी उठलो, चपला घातल्या. फाटकातून मागे वळून बघितलं तर ते तसेच बसले होते, चेहरा वर, शिरसाचं झाड होतं त्या बाजूला, जणू ती आत शिरताना दिसतेय, आणि मला पुन्हा त्यांचा तोच जुना हेवा वाटला. मी आजवर तिला एकदाही बघितलेलं नाही.